डॉक्टर भाऊ दाजी आणि अंबरनाथचा शिलालेख

अंबरनाथ येथील शिवालय ज्यानें पाहिलें नाहीं असा आमचा वाचक क्वचितच असेल. महाशिवरात्रीस उल्हासनगर, बदलापूर, कल्याण व आसपासचीं खेडीं यांतून हजारों लोक वालधुनी नदीच्या कांठीं जमतात, पायऱ्या उतरून गाभाऱ्यांतील शंकराचें दर्शन घेतात आणि बेलफूल वाहून आपापल्या घरीं जातात. हें मंदिर कोणीं बांधिलें असें विचारिलें तर पांडवांनीं तें एका रात्रींत उभें केलें, हें उत्तर बहुधा ठरलेलें असतें. ही कथा गोड आहे आणि ती सांगणाऱ्यांच्या भक्तीविषयीं आम्हांस आदरच आहे. परंतु याच मंदिराच्या उत्तरेकडील दाराच्या तुळईवर, आंतल्या बाजूस, एक लेख कोरलेला होता. आणि मंदिर कोणाच्या राज्यांत व कोणत्या सुमारास झालें हें तो स्वतःच सांगत होता. शेंकडों वर्षें लोक त्या तुळईखालून गेले आले; लेख डोक्यावर होता, पण तो वाचणारा कोणी उरला नव्हता.

त्या लेखाचा अर्थ लावून तो विद्वानांपुढें ठेवणारे गृहस्थ म्हणजे मुंबईचे सुप्रसिद्ध डॉक्टर भाऊ दाजी लाड. त्यांचें नांव बहुतेकांनीं ऐकलें आहे, कारण भायखळ्याच्या राणीच्या बागेंतील पदार्थसंग्रहालयास आज त्यांचेंच नांव आहे. परंतु हे डॉक्टर आपल्या अंबरनाथच्या दगडांतही गुंतले होते, ही गोष्ट आमच्याकडील पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणून त्यांचें चरित्र थोडक्यांत सांगावें आणि तें सांगतांना आपल्या गांवच्या या शिलालेखाशीं त्यांचा संबंध कसा आला व त्यांतून काय निष्पन्न झालें हें दाखवावें, असें आम्हीं योजिलें आहे.

भाऊंचें मूळ नांव रामकृष्ण विठ्ठल लाड. त्यांचा जन्म १८२२ सालीं गोव्याच्या पेडणें महालांतील मांद्रें या गांवीं एका सारस्वत कुटुंबांत झाला. तो मुलूख तेव्हां पोर्तुगीजांच्या अमलाखालीं होता. घरची स्थिति बेताचीच होती. मुलगा मात्र लहानपणापासून तल्लख असून बुद्धिबळाच्या खेळांत मोठमोठ्यांस हार जात नसे. त्याचें हें कौशल्य पाहून एका इंग्रज गृहस्थास कौतुक वाटलें व या मुलास इंग्रजी शिक्षण द्यावें असें त्यानें वडिलांस आग्रहानें सुचविलें, अशी हकीकत त्यांच्या चरित्रांत सांगतात. वडील कुटुंबासह मुंबईस आले आणि भाऊंचा विद्याभ्यास तेथें सुरू झाला. खेळांतील बुद्धीची परीक्षा करून कोणीं मुलाला शाळेची वाट दाखवावी, आणि बापानें आपलें गांव सोडून ती वाट धरावी, या दोन्ही गोष्टी पालकांनीं मनांत ठेवण्यासारख्या आहेत.

मराठी शिक्षण झाल्यावर भाऊ एल्फिन्स्टन संस्थेंत दाखल झाले. तेथें त्यांनीं उत्तम विद्यार्थी असा लौकिक मिळविला व पुढें त्याच संस्थेंत शिक्षकाचें कामही केलें. त्या काळीं काठेवाड व कच्छ या प्रांतांत कांहीं जमातींत मुलगी जन्मास आली कीं तिला तत्काळ नाहींशी करण्याची भयंकर चाल होती. या विषयावर निबंध मागविण्यांत आले, तेव्हां भाऊंच्या निबंधास बक्षीस मिळालें. निबंधासाठीं त्यांनीं निवडलेला विषय नुसता पांडित्य दाखविण्याचा नव्हता. ज्ञानाचा उपयोग दुबळ्याच्या कैवारासाठीं करावयाचा, ही त्यांच्या पुढील सर्व आयुष्याची दिशा तेथेंच दिसून येते.

१८४५ सालीं मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें. शिक्षकाची मानाची जागा सोडून भाऊ पुनः विद्यार्थी झाले व त्या कॉलेजांत गेले. उच्चवर्णीय घरांतील तरुणानें प्रेतास हात लावून शरीरशास्त्र शिकावें, ही गोष्ट त्या वेळीं लहान नव्हती. १८५१ सालीं जी पहिली तुकडी परीक्षा उतरून बाहेर पडली तींत भाऊ होते. पुढें प्रसिद्धीस आलेले डॉक्टर आत्माराम पांडुरंग हे त्यांचे त्याच तुकडींतील सोबती. भाऊंनीं मुंबईंत स्वतंत्र धंदा सुरू केला व थोड्याच काळांत त्यांची गणना शहरांतील नामांकित वैद्यांत होऊं लागली. त्यांचे धाकटे बंधु डॉक्टर नारायण दाजी यांच्या साह्यानें त्यांनीं गरिबांकरितां धर्मार्थ दवाखाना चालविला. पाश्चात्त्य वैद्यक शिकूनही आपल्याकडील जुनीं औषधें त्यांनीं टाकाऊ मानिलीं नाहींत. संस्कृत वैद्यकग्रंथ चाळून व झाडपाल्याची पारख करून त्यांतील गुण ते प्रत्यक्ष अनुभवानें तपाशीत. महारोगासारख्या दुर्धर व्याधीवर उपाय सांपडावा म्हणून त्यांनीं विशेष खटपट केली. ज्या रोग्यांस आप्तही दूर लोटीत त्यांस ते आपल्या हातानें तपाशीत.

एवढा धंदा सांभाळून ते सार्वजनिक कामांतही अग्रभागीं असत. १८५२ सालीं स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनचे ते चिटणीस होते. १८५७ सालीं मुंबई विश्वविद्यालय निघालें तेव्हां त्याच्या आरंभींच्या सभासदांत त्यांचें नांव होतें. एल्फिन्स्टनच्या विद्यार्थिमंडळानें मुलींच्या शाळा काढिल्या, त्यांस भाऊंचा मोठा आधार होता. मुलींस लिहावयास शिकविणें हें ज्या काळीं उघड उघड पाप मानीत, त्या काळची ही गोष्ट आहे. १८६२ सालीं करसनदास मुळजी या निर्भीड पत्रकर्त्यावर बड्या धर्माधिकाऱ्यानें अब्रूनुकसानीचा खटला भरला, तेव्हां वैद्य या नात्यानें जें ठाऊक होतें तें भाऊंनीं कोर्टांत शपथेवर सांगितलें. बड्या लोकांचा रोष आणि धंद्याचें नुकसान यांची भीति त्यांस नव्हती असें नाहीं; पण विचारिलें असतां सत्य लपवावयाचें नाहीं, हा त्यांचा नियम होता. पुढें १८६९ व १८७१ अशा दोन वर्षीं ते मुंबईचे शेरीफ झाले.

आतां अशा उद्योगी वैद्यास जुन्या दगडांचा नाद कसा लागला, असा प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनांत येईल. त्याचें कारण असें. आपल्या देशांत काव्यें, पुराणें व शास्त्रें विपुल आहेत. परंतु अमुक राजा अमुक सालीं झाला, अमुक देऊळ अमक्यानें बांधिलें, अशी सनावळीची नोंद फारच थोडी आहे. ती नोंद राहिली आहे ती मुख्यतः तीन ठिकाणीं: दगडावरील लेखांत, तांब्याच्या पत्र्यांत व नाण्यांवर. यांवरील प्राचीन लिपि मात्र लोक विसरले होते. १८३७ च्या सुमारास कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांनीं अशोकाच्या वेळची ब्राह्मी लिपि उलगडली, तेव्हां या बंद पेटीची किल्ली सांपडली. या कामीं गिरनारच्या प्रसिद्ध खडकावरील लेखाची प्रत फार उपयोगीं पडली. ती मिळविण्याची खटपट मुंबईचे मिशनरी विद्वान डॉक्टर जॉन विल्सन यांनीं केली होती आणि त्यांच्यासाठीं ती कॅप्टन लँग नांवाच्या अधिकाऱ्यानें उतरून घेतली होती. ही दोन नांवें वाचकांनीं ध्यानांत ठेवावीं. कथेच्या ओघांत त्यांतील एक पुनः येणार आहे.

डॉक्टर विल्सन हे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे आधारस्तंभ होते. त्याच सोसायटीच्या बैठकींत भाऊ दाजी आपले निबंध वाचूं लागले. आपल्या देशाचा इतिहास परकीयांनीं शोधून काढावा व आपण तो नुसता ऐकावा, हें त्यांस रुचलें नाहीं. पण परकीय विद्वानांचा मत्सर करण्याऐवजीं त्यांची शोधपद्धति आत्मसात करून त्यांच्या बरोबरीनें काम करणें त्यांनीं पसंत केलें. त्यांनीं कालिदासाच्या काळाविषयीं निबंध लिहिला. अजंठ्याच्या लेण्यांतील लेख व गिरनारच्या खडकावरील रुद्रदामन् आणि स्कंदगुप्त यांचे लेख त्यांनीं वाचले. गुहांतील लेखांत व नाण्यांवर जे संख्यांचे जुने आंकडे आहेत त्यांचीं मूल्यें ठरविण्याचें अवघड काम त्यांनीं केलें. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त व भास्कराचार्य या ज्योतिष्यांच्या काळाविषयींचा त्यांचा निबंध १८६५ सालीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या पत्रांत छापला गेला. खानदेशांत चाळीसगांवाजवळ पाटणें येथें भास्कराचार्यांच्या वंशजानें मठ स्थापल्याचा लेख आहे. तो उजेडांत आणून त्यांनीं त्या थोर गणितज्ञाच्या घराण्याचा दगडी पुरावाच लोकांपुढें ठेविला. हें सर्व रोग्यांच्या गर्दींतून वेळ काढून केलेलें काम आहे.

परंतु दुकानबंद वैद्यास गिरनार, अजंठा, नाशिक अशा दूरच्या ठिकाणीं वारंवार जाणें शक्य नव्हतें. त्यांस एका सहाय्यकाची गरज होती व तो त्यांस जुनागडास सांपडला. भगवानलाल इंद्रजी हे १८३९ सालीं तेथें जन्मले. गिरनारच्या पायथ्याचा तो अशोकाचा खडक त्यांच्या घरापासून जवळ. लहानपणीं त्या खडकावरील न समजणारीं अक्षरें पाहून त्यांस चटका लागला. वर सांगितलेले लँग साहेब त्या वेळीं काठेवाडांत पोलिटिकल एजंट झाले होते. त्यांच्याकडून प्रिन्सेपच्या अक्षरांचा एक तक्ता या मुलास मिळाला. तो घेऊन तो उन्हांत खडकापुढें बसे व एकेक अक्षर जुळवी. पुढें किन्लॉक फॉर्ब्स या विद्याप्रिय अधिकाऱ्याच्या शिफारशीनें भगवानलाल १८६१ सालीं मुंबईस भाऊंकडे आले. त्यांस इंग्रजी जेमतेम येत असे. पण अक्षर पारखणारी दृष्टि अशी कीं झिजलेल्या दगडावरील रेघही त्यांच्या नजरेंतून सुटत नसे. भाऊंनीं त्यांस पोटच्या मुलाप्रमाणें वागविलें, खर्च दिला, ग्रंथ दिले आणि देशभर पाठविलें. भगवानलाल लेखांचे ठसे व नकला घेऊन येत, आणि मग रात्रीं रोग्यांचें काम संपल्यावर गुरुशिष्य त्यांवर चर्चा करीत.

इतक्यांत एक मोठें संकट आलें. अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें असतां मुंबईच्या कापसास अतोनात भाव आला, पैशाचा पूर लोटला आणि शेअरांच्या सट्ट्यानें सारें शहर वेडें झालें. १८६५ सालीं युद्ध थांबलें व तो डोलारा एकदम कोसळला. त्यांत अनेक मातबर घराणीं धुळीस मिळालीं. भाऊंचेंही अतिशय नुकसान झालें. सट्ट्याचा मोह एवढ्या शहाण्या मनुष्यासही आवरतां आला नाहीं, ही गोष्ट आम्ही झांकूं इच्छीत नाहीं. तरुणांनीं ती उलट नीट ध्यानांत धरावी. तथापि संपत्ति गेली तरी विद्येचा उद्योग भाऊंनीं सोडिला नाहीं. हस्तलिखित पोथ्या, नाणीं व ठसे यांचा संग्रह वाढतच राहिला. अंबरनाथच्या लेखावरील त्यांचा निबंध याच पडत्या काळांतील आहे.

त्या मंदिराचें थोडें वर्णन येथें केलें पाहिजे. तें काळ्या दगडाचें असून पश्चिमाभिमुख आहे. मंडपास तीन बाजूंनीं द्वारमंडप आहेत. मध्यभागीं चार कोरीव खांबांवर घुमटाकार छत तोललेलें असून त्याचें नक्षीकाम पाहतां पाहतां मान दुखूं लागते. मंडपांतून सुमारें वीस पायऱ्या खालीं उतरलें म्हणजे गाभारा लागतो. त्यावरचें शिखर पूर्ण नसल्यामुळें आंत उभें राहून वर पाहिलें तर आकाश दिसतें. बाहेरच्या भिंतींवर हत्तींच्या रांगा, देवदेवता व अनेक मस्तकांच्या मूर्ति अशा दाट कोरल्या आहेत कीं रिकामी जागा हातभरही सांपडत नाहीं. या देशांत आगगाडी सुरू झाली १८५३ सालीं. ती कल्याणास १८५४ त आली व १८५६ सालीं अंबरनाथ, बदलापूर या वाटेनें खोपोलीकडे गेली. त्यामुळें मुंबईच्या विद्वानांस हें रानांतलें देवालय अगदीं जवळ आलें. १८६८ च्या सुमारास सरकारी हुकुमानें मुंबईच्या चित्रकलाशाळेंतील मंडळींनीं येथें येऊन कोरीवकामाचीं चित्रें व ठसे घेतले. त्याच सुमारास लेखाकडेही विद्वानांचें लक्ष वेधलें.

भाऊ दाजींनीं त्या झिजलेल्या ओळींचा अर्थ लाविला आणि तो विवेचनासह एशियाटिक सोसायटीच्या पत्रांत प्रसिद्ध केला. त्यावरून हें स्पष्ट झालें कीं हें स्थान उत्तर कोंकणच्या शिलाहार राजांचें होय. श्रीस्थानक म्हणजे आपलें ठाणें ही ज्यांची राजधानी, त्या घराण्यांतील महामंडलेश्वर मांवाणि ऊर्फ मुम्मुणि याचें नांव त्या लेखांत होतें व त्याचा वडील भाऊ छित्तराज याचाही त्यांत उल्लेख होता. पांडवांची एक रात्र जाऊन तेथें दोन खऱ्या भावांचें राज्य आलें, हें केवढें कार्य झालें! मात्र लेखांत जें शकवर्ष कोरलें होतें तें भाऊंनीं ७८२, म्हणजे इसवी सन ८६०, असें वाचलें. तेंच साल विद्वानांत कांहीं काळ प्रमाण मानलें गेलें.

यानंतर भाऊंची प्रकृति बिघडत चालली. त्यांस अर्धांगवायूचा विकार जडला आणि ज्या हातानें हजारों नाड्या पाहिल्या तो हात लुळा पडला. १८७४ च्या मे महिन्याच्या ३१ तारखेस मुंबईस त्यांचें देहावसान झालें. वय अवघें पन्नाशीच्या आसपासचें. त्या वेळीं त्यांचे प्रिय शिष्य भगवानलाल हे त्यांच्याच कामासाठीं नेपाळच्या डोंगरांत लेख शोधीत फिरत होते. गुरूंचें अखेरचें दर्शन त्यांस घडलें नाहीं. पुढच्याच वर्षीं डॉक्टर नारायण दाजी हेही वारले. भाऊंचा पोथ्यांचा संग्रह पुढें मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आला व तेथें तो त्यांच्याच नांवानें जपला गेला.

येथें सामान्य चरित्र संपलें असतें. परंतु भाऊंच्या कार्याचें खरें फळ यापुढेंच दिसतें. भगवानलाल परत आले आणि थोड्याच वर्षांत त्यांनीं अंबरनाथचा लेख पुनः हातीं घेतला. गुरूंनीं वाचलेला लेख म्हणून त्यांनीं डोळे मिटून मान हालविली नाहीं. त्यांनीं अक्षर न् अक्षर नव्यानें पारखिलें व सालाचा पहिला आंकडा सात नसून नऊ आहे, म्हणजे लेख शके ९८२ चा, इसवी सन १०६० चा आहे, असें दाखविलें. एका आंकड्यानें मंदिर दोनशें वर्षें अलीकडे आलें.

आतां दोघांपैकीं खरें कोण, हें नुसत्या भिडेनें किंवा बहुमतानें ठरवावयाचें नसतें. त्याचा ताळा घेतां येतो आणि तो आपल्याच कोंकणांत मिळतो. साष्टींतील कान्हेरीच्या लेण्यांत शिलाहारांचे लेख आहेत. त्यांतील एक शके ७९९ चा असून तेव्हां या प्रांतावर कपर्दी नांवाचा राजा होता असें तो सांगतो. हा कपर्दी त्या वंशाच्या आरंभींच्या पुरुषांपैकीं. छित्तराज व मुम्मुणि हे त्याच्यापासून कित्येक पिढ्या खालचे. पुढें भांडुप येथें सांपडलेला छित्तराजाचा ताम्रपट शके ९४८ चा आहे. ज्याचा वडील भाऊ शके ९४८ त राज्य करीत होता तो धाकटा भाऊ शके ७८२ त कसा असेल? शके ९८२ म्हटलें कीं सर्व हिशेब जुळतो. गणितांत जशी वजाबाकीची बेरजेनें परीक्षा करितात, तशीच ही इतिहासाची परीक्षा आहे, आणि आमच्या विद्यार्थ्यांनीं ती स्वतः कागदावर करून पाहावी.

भगवानलाल पुढें याच प्रांतांत आणखी मोठें काम करून गेले. १८८२ सालीं वसईजवळ नालासोपाऱ्यास त्यांनीं बुरुड राजाचा कोट नांवाची मातीची टेकडी उकरली. ती बौद्ध स्तूप ठरली आणि तिच्या पोटांत दगडी पेटी, एकांत एक ठेवलेले करंडक व बुद्धाच्या मूर्ति निघाल्या. त्याच गांवीं अशोकाच्या आज्ञालेखाचा एक तुकडाही त्यांस मिळाला. सोपारा व कल्याण हीं बंदरें दोन हजार वर्षांपूर्वीं देशोदेशींच्या व्यापाऱ्यांनीं गजबजलेलीं होतीं; तेथील दानशूर लोकांचीं नांवें कान्हेरीच्या भिंतींवर कोरलेलीं आहेत. हॉलंडांतील लायडन विद्यापीठानें भगवानलालांस सन्मानाची पदवी दिली. १८८८ सालीं ते वारले. ज्या गुरूनें त्यांस या मार्गास लाविलें त्याचें ऋण ते अखेरपर्यंत मानीत असत.

आतां कोणी म्हणेल कीं ज्यांचें वाचन चुकलें त्या भाऊ दाजींचें अंबरनाथच्या बाबतींत एवढें कौतुक कशाला? आमचें उत्तर असें आहे. भाऊंनीं लेख वाचण्याचें धाडस केलें नसतें, तर दुरुस्त करावयास कांहीं उरलेंच नसतें. आपलें वाचन त्यांनीं घरांत झांकून न ठेवितां विद्वानांच्या सभेपुढें मांडलें, म्हणून तें तपासतां आलें. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, ज्याच्या हातून तें दुरुस्त झालें तो मनुष्य त्यांनींच शोधून, पोसून, शिकवून तयार केला होता. गुरूची चूक शिष्यानें सुधारली यांत गुरूचा पराभव नसून त्याच्या शिकवणीचा तो विजय आहे. जो शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांस स्वतःपेक्षां पुढें जाण्याची मोकळीक देतो त्याचेंच शिक्षण खरें. वर्गांत उत्तर चुकेल म्हणून जो मुलगा तोंड उघडीत नाहीं, त्यानें हें चरित्र अवश्य मनांत आणावें. न बोलणाऱ्याची चूक कोणासच कळत नाहीं, आणि म्हणून ती जन्मभर तशीच राहते.

भाऊंनीं इतरांच्या साह्यानें उभारलेलें पदार्थसंग्रहालय १८७२ सालीं लोकांस खुलें झालें. तें प्रथम राणी व तिचे पति यांच्या नांवें होतें. १९७५ सालीं त्यास डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचें नांव देण्यांत आलें व जीर्णोद्धारानंतर तें २००८ सालीं पुनः उघडलें. त्याच्या आवारांत घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. मुंबईस गेल्यावर पालकांनीं मुलांस बागेंतील पशुपक्षी दाखवावेच. पण त्याबरोबर हें संग्रहालयही दाखवावें आणि त्यावरचें नांव कोणाचें हें समजावून सांगावें.

आणि मुंबईस जाण्यापूर्वीं आपल्या दारापुढें काय आहे हेंही एकवार पाहावें. आमच्या या तीन गांवांस इतिहास नाहीं, हीं आगगाडीच्या सोयीनें वाढलेलीं वस्त्यांचीं गांवें आहेत, असें म्हणणारे लोक आम्हांस भेटतात. अंबरनाथास साडेनऊशेंहून अधिक वर्षांचें देवालय आहे. शिवछत्रपतींच्या जन्माच्या वेळीं त्याचें वय पांचशें सत्तर वर्षांचें होतें. बदलापूर हें उल्हास नदीच्या कांठचें गांव. प्रवासांत येथें घोडे बदलीत म्हणून तें नांव पडलें, अशी परंपरा सांगतात. उल्हासनगर हें तर लष्करी छावणीच्या जागीं वसलें. १९४७ सालीं आपलीं घरें, शेतें व देवळें सिंधांत सोडून आलेलीं कुटुंबें तेथील बराकींत उतरलीं आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वसाहतीस आजचें नांव मिळालें. त्या मंडळींबरोबर दगड आले नाहींत, आल्या त्या आठवणी. आठवण म्हणजेही एक लेखच. फरक इतकाच कीं तो दगडावर नसून मनुष्याच्या मनांत कोरलेला असतो, आणि त्या मनुष्याबरोबर तो कायमचा पुसला जातो. अंबरनाथच्या लेखास वाचकाची वाट पाहत आठशें वर्षें थांबतां आलें. आजीआजोबांच्या आठवणीस तेवढा अवधि नाहीं.

म्हणून आमच्या विद्यार्थ्यांस दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली ही कीं आपल्या घरांतील वडील माणसांजवळ बसून त्यांचें मूळ गांव, तेथून येण्याचें कारण व साल हीं विचारून वहींत लिहून ठेवावीं. सालांत चूक झाली तरी चालेल, ती पुढें कोणी सुधारील. न लिहिलेलें मात्र कोणासच सुधारतां येणार नाहीं. दुसरी ही कीं मंदिराच्या दगडांवर नांवें कोरणें, मूर्तींस रंग फांसणें व पाण्यांत केर टाकणें या गोष्टी आपण करूं नयेत व दुसऱ्यांसही करूं देऊं नयेत. ज्या वालधुनीच्या कांठीं शिलाहारांनीं हें देवालय उभारलें ती नदी आज कारखान्यांच्या व वस्तीच्या सांडपाण्यानें काळी झाली आहे. राजांनीं दिलेला वारसा राखणें हें केवळ सरकारी खात्याचें काम नव्हे. जो त्या कांठीं राहतो त्याचा त्यांत पहिला वांटा आहे.

डॉक्टर भाऊ दाजी हे ना अंबरनाथचे, ना ठाण्याचे. गोव्याच्या एका खेड्यांतून आलेल्या या वैद्यानें आमच्या गांवच्या तुळईवरील ओळी समजून घेण्यासाठीं आपली रात्र जाळली, आणि जुनागडाहून आलेल्या त्याच्या शिष्यानें त्या ओळींचें खरें साल ठरविलें. परगांवच्या माणसांनीं आमच्यासाठीं इतकें केलें असतां आम्हीं गांवच्यांनीं निदान तें जाणून असावें, एवढीच आमची विनंति आहे. येत्या महाशिवरात्रीस दर्शनास जाणाऱ्या आमच्या बालवाचकांनीं उत्तरेकडील दाराशीं क्षणभर थांबावें, वर पाहावें आणि बरोबरच्या धाकट्या भावंडास हें मंदिर कोणत्या राजाच्या वेळचें व कोणत्या सालचें हें सांगावें. त्या दोघा गुरुशिष्यांचें याहून चांगलें स्मरण आम्हांस सुचत नाहीं.